कंसातला शब्द कोण उलगडणार? शॉर्टकोडच्या व्याकरणाचा इतिहास, चेन्नईहून

आजचा विषय नावावरून कोरडा वाटेल, पण तुमच्यापैकी ज्यांनी एखाद्या मंडळाची, शाळेची, दिवाळी अंकाची किंवा स्वतःच्या लेखनाची वेबसाइट सांभाळली आहे, त्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो. विषय आहे शॉर्टकोड. वेबपानावर मजकूर लिहिता लिहिता मध्येच चौकटी कंसात एक शब्द टाकायचा, आणि वाचकाला मात्र तिथे तो शब्द न दिसता फोटोंची मांडणी, नकाशा, अर्ज किंवा येत्या कार्यक्रमांची यादी दिसायची. लिहिणाऱ्याच्या बाजूने ते असं दिसतं:

[गॅलरी आयडी="१२३"]

संगणकावर हे रोमन लिपीत लिहितात. इथे आपल्या सोयीसाठी मी सगळी उदाहरणं देवनागरीत लिहिते आहे. ही लिपी बदलण्याची गोष्ट पुढे एका ठिकाणी फार महत्त्वाची ठरणार आहे, तेव्हा ती लक्षात असू द्या.

हा कंस कसा लिहायचा, हे शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. मला त्याचा इतिहास सांगायचा आहे, कारण त्यातून एक प्रश्न समोर येतो. प्रत्येक शॉर्टकोड हे एक वचन असतं. लिहिणारा थोडक्यात लिहितो, कारण दुसरं कुणीतरी ते उलगडून दाखवणार अशी त्याला खात्री असते. ते दुसरं कुणीतरी निघून गेलं, तर काय उरतं?

हा प्रश्न मी चेन्नईत बसून विचारते आहे. इथे मी वेबसाइटी बांधण्याचं आणि त्याहून जास्त जुन्या वेबसाइटी दुरुस्त करण्याचं काम करते. आणि गंमत अशी, की या प्रश्नाची जुनी मराठी उदाहरणं याच तमिळ मुलुखातही सापडतात.

मजकूर या शब्दापासून सुरुवात

डायनॅमिक कंटेंट या शब्दांचं मराठी करायचं तर आपण "बदलता मजकूर" म्हणू. यातला मजकूर हा शब्द पाहा. आज त्याचा अर्थ लिहिलेली सामग्री असा होतो. मुळात तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा अर्थ होता "ज्याचा उल्लेख झाला आहे तो". जुन्या मराठी कागदांत "मौजे मजकूर" येतं, म्हणजे वर ज्याचं नाव आलं ते गाव. "साल मजकूर" म्हणजे वर सांगितलेलं, चालू साल. माणसासाठी याच धर्तीचा शब्द होता मशारनिल्हे, म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवलं आहे तो.

आता प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नजरेने हे बघा. "साल मजकूर" हे दोन शब्द एका कागदात एक साल दाखवतात आणि दुसऱ्या कागदात दुसरं. शब्द तेच, किंमत वेगळी, आणि ती किंमत कागदाच्या डोक्यावर दिलेली. वेबपानाच्या तळाशी आपोआप बदलणारं चालू वर्ष दाखवायला आज आपण जी युक्ती वापरतो, तीच ही. फरक एवढाच, की तेव्हा ती उलगडण्याचं काम माणूस करायचा.

त्याच कागदांत संक्षेपही असत. मु॥ म्हणजे मुक्काम, प॥ म्हणजे परगणे, क॥ म्हणजे कसबे. अक्षरानंतरचे ते दोन दंड म्हणजे इशारा, की हा शब्द अपुरा आहे, तो पुरा करून वाचा. हा इशारा फार मोलाचा आहे. कुठलाही संक्षेप चालायचा असेल तर वाचणाऱ्याला आधी कळायला हवं, की इथे नेहमीचं वाचन थांबवायचं आहे. शॉर्टकोडमध्ये तेच काम चौकटी कंस करतो.

पत्रांचे मायने तर आपल्या घरातलेच. सा. न. वि. वि. ही अक्षरं लिहिणारा "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" एवढं सगळं वाचणाऱ्याच्या मनात उघडत होता. ति. म्हटलं की तीर्थरूप, चि. म्हटलं की चिरंजीव. माझ्या पिढीला हे अजून वाचता येतं. पुढच्या पिढीतल्या कुणाला विचारून पाहा. वि. दोनदा का लिहिलंय, असं विचारणारी मुलं तुम्हाला नक्की भेटतील.

तंजावरचे गठ्ठे आणि तंजावरची भिंत

चेन्नईपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर तंजावर आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. या राज्याचा दप्तराचा कारभार मराठीत चालायचा, मोडी लिपीत. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे हजाराहून अधिक गठ्ठे आहेत. चेन्नईतही मराठी हस्तलिखितं आहेत. शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय इथे १८६९ पासून आहे, आणि कॉलिन मॅकेंझीने जमवलेल्या दक्षिणेतल्या कागदांचा मोठा वाटा त्यात आहे.

या गठ्ठ्यांची अडचण कागद जीर्ण होण्यापुरती नाही. लिपी वाचणारे थोडे, आणि लिपी येत असली तरी संक्षेप उलगडणारे त्याहून थोडे. त॥ म्हणजे इथे तर्फ की तालुका, हे कारकुनाला विचार न करता कळायचं. त्याच्या डोक्यात ती यादी होती, आणि ती कुठे लिहून ठेवायची गरज त्याला कधी वाटली नाही.

त्याच तंजावरात बृहदीश्वराच्या मंदिरावर दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. तो मराठीत आणि देवनागरीत आहे. शब्द जुने आहेत, वाक्यं लांब आहेत, तरी मराठी वाचता येणारा माणूस आजही त्या भिंतीसमोर उभा राहून अडखळत का होईना वाचू शकतो. राज्य एकच, भाषा एकच, काळही साधारण एकच. एका ठिकाणी लिहिणाऱ्याने गृहीत धरलं की वाचणारा आपल्याच कचेरीतला असेल. दुसऱ्या ठिकाणी धरलं की वाचणारा कुणीही असेल. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच होतं. रोजच्या कारभारात सगळं भिंतीवर कोरल्यासारखं लिहीत बसलं असतं, तर वसूल कधी झाला असता?

तमिळ वह्यांतल्या आठ खुणा

तमिळ लिहिणाऱ्यांनी हीच गरज वेगळ्या पद्धतीने भागवली. जुन्या तमिळ हिशेबाच्या वह्यांत आणि दस्तऐवजांत दिवस, महिना, वर्ष, नावे, जमा, रुपया आणि क्रमांक यांसाठी एकेक जोडलेली खूण असे. आठवी खूण होती "मेऱ्पडि" या शब्दाची, म्हणजे वरीलप्रमाणे. थोडक्यात, आपलं मजकूर. मराठीत जे दंड लावून सुचवलं गेलं, ते तमिळमध्ये एका स्वतंत्र चिन्हात बसलं.

या आठही खुणांना २००३ मध्ये युनिकोडच्या ४.० आवृत्तीत जागा मिळाली. त्यामुळे त्या आज फोनवरही टाइप करता येतात. पण एक बारकावा ध्यानात घ्या. युनिकोडने खुणेला क्रमांक आणि नाव दिलं, म्हणजे या खुणेचा अर्थ काय हेही सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी नोंदवलं गेलं. उद्या एकही माणूस त्या वह्या वाचणारा राहिला नाही, तरी "ही खूण म्हणजे वरीलप्रमाणे" हे शोधता येईल. उलगड्याची यादी माणसाच्या डोक्यातून बाहेर काढून सार्वजनिक जागी ठेवणं, हे या सगळ्या इतिहासातलं मोठं पाऊल आहे.

तारेचा आकडा

डोक्यातली यादी छापील कोष्टकात आली ती तारेच्या काळात. हिंदुस्थानात तारसेवा १८५५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास ही शहरं तारेने जोडलेली होती. तारेत शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे लोक शब्द वाचवायला शिकले. पुढे शुभेच्छांच्या तारांसाठी टपाल आणि तार खात्याने ठरावीक वाक्यांना क्रमांकच देऊन टाकले. १ म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा. ८ म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. पुण्याहून मद्रासला लग्नाची तार करायची, तर पाठवणारा पत्ता, ८ आणि आपलं नाव एवढंच देई. मद्रासच्या तार कचेरीत कोष्टक पाहून पूर्ण वाक्य फॉर्मवर येई आणि तार घरी पोचे. वधूवरांच्या हातात आठचा आकडा पडत नसे, वाक्य पडत असे.

म्हणजे शॉर्टकोडचे तीन भाग इथे तयार आहेत. एक, ठरलेली छोटी खूण. दोन, दोन्ही टोकांना असलेली एकच यादी. तीन, पोचवण्याआधी होणारा उलगडा. आकडा चुकला तर नवरानवरीला दिवाळीच्या शुभेच्छा जाणार हेही आलंच. यंत्रणेला अर्थ कळत नाही, तिला फक्त यादी कळते.

याच्या जोडीला तारेचा पत्ता असे. व्यापारी पेढी एक शब्द आपल्या नावावर नोंदवून घेई, आणि तो शब्द आला की तार कचेरी त्या पेढीचा पूर्ण पत्ता समजे. एका शहरात एक शब्द दोघांना देता येत नसे. नावांची टक्कर होऊ नये म्हणून नोंदवही ठेवायची, हा धडा तार खात्याने फार लवकर घेतला होता. वेबवाल्यांना तो पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला, ते आता पाहू.

आणखी एक गोष्ट. १४ जुलै २०१३ हा भारतातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस होता. सेवा बंद झाली, कोष्टक बाद झालं. तरी लोकांच्या ट्रंकांत जपलेल्या लग्नाच्या तारा आजही वाचता येतात, कारण त्यांच्यावर आकडा नाही, वाक्य आहे. उलगडा होऊन मगच कागद घरात आला होता.

वेबवर कंस कुठून आला

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. ज्या मोजक्या महानगरांतून विदेश संचार निगमने ते सुरू केलं, त्यांत मद्रास होतं. त्या काळातलं वेबपान म्हणजे साधी फाइल. त्यात लिहाल तेच दिसेल. पन्नास पानांच्या तळाशी एकच पत्ता असेल आणि तो बदलला, तर पन्नास फाइली उघडायच्या.

यावर पहिला सोपा उपाय निघाला तो सर्व्हर साइड इन्क्लूडचा. एचटीएमएलमध्ये टिप्पणी लिहिण्याची एक सोय आहे, जी ब्राउझर वाचकाला दाखवत नाही. त्या टिप्पणीच्या आत सूचना लपवायची: इथे अमुक फाइल आणून जोड. सर्व्हर ती वाचून पान पुरं करी. यातली हुशारी बघा. सर्व्हरवर ही सोय चालू नसली, तरी वाचकाला काही विचित्र दिसत नसे, कारण टिप्पणी मुळातच अदृश्य.

१९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फने पीएचपी लोकांसमोर ठेवली. तिच्यात पानाच्या मध्येच खराखुरा प्रोग्राम लिहिता येऊ लागला. ताकद वाढली, धोकाही वाढला. लेख लिहिणाऱ्या माणसाला प्रोग्राम लिहायची परवानगी देणं म्हणजे घराच्या पाहुण्याला विजेच्या मुख्य खटक्याची किल्ली देण्यासारखं. एक चूक आणि सगळं घर अंधारात.

मग लेखकाला पूर्ण प्रोग्रामही द्यायचा नाही आणि साधा मजकूरही पुरत नाही, अशी मधली जागा हवी होती. चौकटी कंसांची सवय लोकांना आधीपासून होती. १९९० च्या दशकाच्या शेवटी बीबीकोड नावाची पद्धत आली होती, तिच्यात अक्षर ठळक करायला चौकटी कंस वापरत. चौकटी कंस नेहमीच्या लिखाणात फार येत नाही, त्यामुळे तो इशारा म्हणून चांगला. मोडीतल्या दोन दंडांचं हेच तत्त्व होतं.

वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी सुरू झालं. त्याच्या २.५ या आवृत्तीत, मार्च २००८ मध्ये, शॉर्टकोडची अधिकृत सोय आली. पहिला नावाजलेला शॉर्टकोड होता गॅलरी.

व्याकरण, थोडक्यात

या व्याकरणाचे नियम मोजके आहेत. प्रत्येक नियमामागे कारण आहे, म्हणून कारणासकट सांगते.

शॉर्टकोड दोन प्रकारचे. पहिला एकटा उभा राहणारा: [गॅलरी]. दुसरा जोडीचा, ज्यात सुरुवातीचा आणि शेवटचा कंस असतो आणि मध्ये मजकूर: [ओळख] फोटोखालची ओळ [/ओळख]. फोटोची ओळख देणारा कॅप्शन हा शॉर्टकोड या दुसऱ्या प्रकारचा.

नावापुढे गुण येतात: नाव, बरोबरची खूण, अवतरणचिन्हांत किंमत. अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं यंत्र अवतरणचिन्हं म्हणून ओळखत नाही, किंमतीचाच भाग समजतं. शॉर्टकोड चालत नाही अशी तक्रार आली, की मी सगळ्यात आधी तिथे पाहते.

एकाच पानावर एक नाव आधी एकटं आणि नंतर जोडीने वापरलं, तर यंत्राची फसगत होते. पहिल्यापासून शेवटच्या कंसापर्यंतचा सगळा मजकूर एकाच शॉर्टकोडच्या पोटात जातो. म्हणून एकट्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन तो तिथेच बंद करतात. एका नावाच्या पोटात तेच नाव पुन्हा घालता येत नाही. आणि शॉर्टकोड नुसता दाखवायचा असेल, उलगडायचा नसेल, तर कंस दुहेरी करायचे: [[गॅलरी]].

उलगडा कधी होतो, हेही ठरलेलं आहे. वाचक पान मागतो, लेख साठ्यातून बाहेर येतो, त्यावर एकामागून एक संस्कार होतात. परिच्छेद लावण्याचा क्रमांक १०, शॉर्टकोडचा ११. म्हणजे साठ्यात कायम कंसच असतो. उलगडा फक्त वाचकासमोर, त्या क्षणापुरता. तारेत वाक्य कागदावर छापलं जाऊन घरी राहायचं. इथे छापलं जातं ते हवेत.

आता देवनागरीची गोष्ट. शॉर्टकोडचं नाव देवनागरीत ठेवता येतं. मनाई आहे ती मोकळी जागा, चौकटी आणि कोनी कंस, तिरकी रेघ, बरोबरची खूण आणि अँपरसँड यांना. पण गुणाचं नाव ओळखायला जो साचा वापरलाय, त्यात फक्त रोमन अक्षरं, आकडे, अधोरेघ आणि जोडरेघ बसतात. म्हणून आयडी हा शब्द देवनागरीत लिहिला, तर तो गुण म्हणून ओळखला जात नाही. किंमत देवनागरी आकड्यांत १२३ अशी लिहिली, तर अक्षरं म्हणून ती पोचते, पण तिची संख्या करायला गेलं की पीएचपी शून्य धरते. कुणी मुद्दाम केलेला हा अन्याय नाही. साचा लिहिणाऱ्याने गृहीत धरलं, की गुणांची नावं रोमनमध्येच असणार. मोडीच्या कारकुनाने धरलं होतं तसंच.

नावांची टक्कर आणि २०१५ चा जुलै

शॉर्टकोड लोकप्रिय झाले आणि जोडण्या बनवणाऱ्यांनी, म्हणजे प्लगइनवाल्यांनी, हजारोंनी नावं उठवली. तार खात्यासारखी नोंदवही इथे नव्हती. बटण, स्लायडर, नकाशा अशी सोपी नावं दोघातिघांनी घेतली, की नंतर नोंद करणाऱ्याचा उलगडा चाले आणि आधीच्याचा गप्प होई. शहाण्या मंडळींनी नावापुढे आपली उपाधी जोडायला सुरुवात केली.

मग २३ जुलै २०१५ ला वर्डप्रेसची ४.२.३ ही आवृत्ती आली. सुरक्षेतलं एक भोक बुजवायचं होतं. एचटीएमएलच्या खुणेच्या आत, गुणाच्या किंमतीत शॉर्टकोड लिहिण्याची सवय अनेकांना लागली होती, आणि तिथून घातक मजकूर घुसवता येत होता. दुरुस्तीने तो वाचण्याची पद्धत कडक केली, आणि एका रात्रीत अनेक वेबसाइटींच्या मांडण्या मोडल्या. त्याच सप्टेंबरात ४.३.१ मध्ये शॉर्टकोडशी संबंधित आणखी एक भोक बुजवावं लागलं. मधली सुरक्षित जागा म्हणून जे बांधलं, त्याच्या भिंतीही पुऱ्या सुरक्षित नव्हत्या.

चेन्नईतली एक समांतर गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट म्हणून सुरू झालेली आणि २००९ पासून झोहो हे नाव घेतलेली कंपनी याच शहराच्या परिसरातून वाढली. तिच्या ग्राहकनोंदींच्या प्रणालीत पत्राचा मसुदा करताना डॉलरची खूण आणि महिरपी कंसात रकान्याचं नाव लिहितात, आणि पत्र निघताना तिथे ग्राहकाचं नाव येतं. पण तिथे पत्र उलगडूनच पाठवलं जातं. मिळालेलं पत्र दहा वर्षांनीही तसंच वाचता येईल. तारेच्या जातीचा उलगडा हा.

उघडे पडलेले कंस

वेबपानावर मात्र उलगडणारी जोडणी काढली की काय होतं? यंत्राला नाव ओळखता येत नाही, म्हणून ते कंस जसाच्या तसा वाचकासमोर ठेवतं. सर्व्हर साइड इन्क्लूडची सूचना निदान अदृश्य होती. हा कंस उघडा पडतो.

माझ्याकडे एका मराठी मंडळाची साइट दुरुस्तीला आली होती. महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरातलं हे मंडळ. त्यांनी दहा वर्षं गणेशोत्सव, नाटकं, व्याख्यानं यांची माहिती एका दिनदर्शिकेच्या प्लगइनमध्ये भरली होती, आणि लेखांत फक्त [कार्यक्रम आयडी="४७"] अशा ओळी होत्या. प्लगइन जुनं झालं म्हणून कुणीतरी ते काढलं, आणि काढताना "सोबतची माहितीही पुसा" हा पर्याय निवडला गेला. राहिल्या त्या ओळी. सत्तेचाळीस क्रमांकाच्या कार्यक्रमात कोण गायलं, नाटकात कुणी काम केलं, हे सांगायला साइटवर काही नाही. सदस्यांनी जुन्या निमंत्रणपत्रिका शोधून सुमारे निम्मं परत उभं केलं. बाकीचं गेलं.

आपल्यासारख्या विखुरलेल्या लोकांसाठी हे साधं नुकसान नाही. बडोदा, इंदूर, बेळगाव, चेन्नई, जिथे जिथे मराठी मंडळी आहेत, तिथल्या गेल्या वीस वर्षांच्या सार्वजनिक जगण्याची नोंद बहुधा अशाच साइटींवर आहे. छापील अहवाल बंद झाले, "सगळं वेबसाइटवर आहे" म्हणून. तंजावरच्या गठ्ठ्यांत निदान शाई आहे. मोडी शिकलं तर ते बोलतील. पुसलेल्या माहितीचा ४७ कुठलीही लिपी शिकून बोलणार नाही.

वर्डप्रेसने यातून धडा घेतला असं म्हणता येईल. ६ डिसेंबर २०१८ ला ५.० आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ब्लॉकची पद्धत. ब्लॉकच्या सीमा एचटीएमएलच्या टिप्पणीत लिहितात, म्हणजे गाडी फिरून सर्व्हर साइड इन्क्लूडच्या अदृश्य टिप्पणीवर आली. नावात बनवणाऱ्याची उपाधी अंगभूत असते, म्हणजे तार खात्याची नोंदवहीही एका अर्थी आली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बहुतेक साध्या ब्लॉकमध्ये दोन टिप्पण्यांच्या मध्ये उलगडलेला मजकूरच साठवलेला असतो. जोडणी गेली तरी मजकूर राहतो. जे ब्लॉक दर वेळी नव्याने मजकूर तयार करतात, त्यांचं वचन मात्र शॉर्टकोडसारखंच दुसऱ्यावर अवलंबून आहे.

तेव्हा साइट सांभाळणाऱ्यांनी काय करावं? जे खरंच बदलणारं आहे, जसं येत्या आठवड्याचे कार्यक्रम किंवा चालू वर्ष, तिथे शॉर्टकोड खुशाल वापरा, त्यासाठीच तो आहे. जे घडून गेलं, ते मात्र पूर्ण वाक्यांत लेखातच लिहा: तारीख, ठिकाण, नावं. जोडीचा शॉर्टकोड शक्य असेल तिथे तोच घ्या, कारण उलगडणारा गेला तरी दोन कंसांमधली ओळ वाचता येते. साइटवर कुठले शॉर्टकोड वापरलेत आणि प्रत्येक कुठल्या प्लगइनचा, याची एक पानभर यादी करून साइटवरच ठेवा. कुठलंही प्लगइन काढण्याआधी सगळ्या पानांत त्याचं नाव शोधा, आणि उलगडलेली पानं वेगळी जतन करा. वर्षाखेरीस मंडळाचा अहवाल एकदा साधा मजकूर म्हणून उतरवून घ्या आणि दोनतीन घरांत ठेवा.

कारकुनाला संक्षेप लागतो आणि भिंतीला पूर्ण वाक्य लागतं. कुठला मजकूर कुठे जायचा, हे आपणच ठरवायचं असतं, आणि तेही उलगडणारा समोर आहे तोवर. तुमच्या साइटवर असे उघडे पडलेले कंस दिसले, तर ती माहिती ज्यांच्या आठवणीत आहे त्यांना आजच फोन करा. पुढच्या भागात भेटू.